मागची सीट

वर्नेलनं पेट्रोलची नळी टाकीच्या तोंडात खुपसली आणि पंपावर पळणाऱ्या आकड्यांकडे मुद्दाम पाठ केली.

"अजून किती ढोसणार आहे ही?" पुढच्या सीटवरून अर्लीननं विचारलं. "लोक दारात कुत्रं बांधतात. माझ्या बहिणीनं पांढरा हत्ती बांधलाय."

"या हत्तीनंच इतकी वर्षं नेलंय मला. तुझ्या जावयाच्या त्या लाडक्या गाडीनं नेलं का एकदा तरी?"

अर्लीन आपला दुखरा गुडघा चोळत बसली.

आज लायनेल सुटणार होता. वर्नेलचा एकुलता एक मुलगा. मित्रांनी दुकान फोडलं तेव्हा हा बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता, आणि त्या बसण्याची भरपाई त्याच्या ऐन पंचविशीनं केली. तुरुंग अलाबामाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे बस जात नाही, आणि वर्नेलची जुनी गाडी पहिल्याच उन्हाळ्यात रस्त्यात मान टाकून बसली. तेव्हा चर्चमधला मेकॅनिक रॉस्को वर्नेलला जिल्ह्याच्या लिलावाला घेऊन गेला होता. पोलिसांनी वापरून टाकलेल्या गाड्या तिथे मातीमोलानं जातात.

"बाकी सगळं गंजू दे, वर्नेलकाकू. इंजिन बघा," रॉस्को बॉनेट थोपटत म्हणाला होता. "आठ सिलिंडर. तुम्ही थकाल, ही थकायची नाही."

ते खरं निघालं. गाडी पेट्रोल पाण्यासारखी प्यायची, ऑइलही अधूनमधून मागायची, पण तिनं वर्नेलला कधी रस्त्यात उभं केलं नाही. त्यापायी वर्नेलनं रात्रीच्या जेवणातलं मटण सोडलं, केस घरीच कापायला लागली. उतार आला की पाय उचलायचा आणि मिनिटभर जरी थांबायचं असलं तरी इंजिन बंद करायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं. गाडीच्या दारावरचा पोलिसांचा तारा खरवडून काढला होता, पण उन्हात त्याची आकृती अजून दिसायची. हायवेला पुढची वाहनं हिला पाहताच गोगलगाय व्हायची, त्यामुळे एवढं दांडगं इंजिन असूनही वर्नेल नेहमी रखडतच पोचायची. तिच्या गल्लीत तर सुरुवातीला गाडी वळली की ओसरीवरच्या बाटल्या खुर्च्यांखाली जायच्या. मग शिव्या ऐकू यायच्या, "काय काकू, जीव घेता का!"

भेटीच्या खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना बसून मायलेक याच गाडीबद्दल बोलत. दुसरा कुठलाही विषय काढला की दुखायचं. लायनेलला लहानपणापासून इंजिनांचं वेड. थंडीत आवाज कसा येतो, चढावर गियर दचका देतो का, हे तो डॉक्टरासारखं विचारायचा आणि पुढच्या खेपेला काय तपासायचं ते सांगायचा. गाडी कुठून आणली हे मात्र वर्नेलनं कधी सांगितलं नाही. प्रत्येक वेळी ओठावर यायचं आणि ती गिळून टाकायची.

तुरुंगाच्या फाटकातून तो कागदी पिशवी घेऊन बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. वर्नेलनं त्याला मिठी मारली. ती सोडेपर्यंत तो हलला नाही. मग त्यानं गाडी पाहिली.

"हीच का?"

"हीच," ती म्हणाली. "स्वस्तात मिळाली रे."

त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, दारावरच्या ताऱ्यापाशी जरासा थांबला आणि बॉनेटवर तळहात ठेवला. "चांगलं इंजिन आहे," तो म्हणाला. तिचा जीव भांड्यात पडला.

अर्लीन गुडघा सावरत उतरायला लागली. "ये रे राजा, पुढे बस आईजवळ."

"राहू दे मावशी." तो मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. उभाच राहिला. वर्नेलनं पुढे होऊन दार उघडलं तेव्हा मान खाली घालून आत शिरला. मुलगा किती नम्र झालाय, असं तिला वाटलं, आणि वाटल्याचा आनंदही झाला.

वाटभर अर्लीनच बोलत होती. कोण मेलं, कुणाला जुळं झालं, चर्चचा पंखा कोणी पळवला. लायनेल "हो मावशी" म्हणत राहिला. गावात शिरताना वर्नेलनं तळलेले मासे घ्यायला दुकानापाशी गाडी लावली. संध्याकाळी सगळे नातेवाईक यायचे होते.

"येतोस आत?"

"नको आई. लोक असतील."

"आलेच मी." तिनं सवयीनं इंजिन बंद केलं आणि किल्ली पिशवीत टाकली.

आत लोक होतेच. बायकांनी तिला गराडा घातला. कोणी गळ्यात पडली, कोणी रडली, काउंटरवालीनं मक्याच्या भाकरी वरून फुकट दिल्या. "देवानं ऐकलं गं तुझं!" या वाक्यासाठी वर्नेल इतके दिवस जगली होती. ती ते प्रत्येकीकडून उभी राहून ऐकत होती. बाहेर जुलैचं ऊन होतं, हे तिला माशांचं गरम पुडकं हातात आल्यावर आठवलं.

अर्लीनला तिथेच गप्पांत सोडून ती धावत गाडीपाशी आली. काचा बंद होत्या. लायनेल मागे ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर. शर्ट छातीला चिकटला होता आणि हनुवटीवरून घाम ठिबकत होता.

तिनं दार खस्सकन उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली.

"अरे, काच तरी खाली करायचीस!"

"मागची होत नाही आई. आतून काहीच उघडत नाही हिचं. पोलिसांच्या गाडीत नसतंच ते."

तिनं आतल्या कडीला हात लावला. कडी लुळी पडली होती. या सीटवर तिनं आजवर फक्त बाजाराच्या पिशव्या ठेवल्या होत्या, त्याही बाहेरून. माणूस कधी बसलंच नव्हतं.

"मग पुढे यायचंस. हॉर्न वाजवायचास. इथून हाक मारली असतीस तर दहा माणसं धावली असती, लायनेल!"

तो विचारात पडला. खरोखरच विचार करत होता, हे त्याच्या कपाळावर दिसलं.

"सुचलं नाही," तो म्हणाला.

"बरं, उतर. उतर आधी."

त्यानं एक पाय उचलला आणि तिच्याकडे पाहिलं. "उतरू?"

वर्नेलनं हातातलं पुडकं टपावर ठेवून दिलं. इतकी वर्षं याला आणायला म्हणून ती या गाडीला पोसत आली, आणि गाडीनं तिला अर्धाच मुलगा आणून दिला होता. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं. रडली नाही. तिनं पुढच्या सीटवर वाकून किल्ली फिरवली, एसी पुरता सोडला आणि गाडी तशीच चालू ठेवली. जाईल तेवढं पेट्रोल जाऊ दे. मग ती मागे आली.

"सरक."

तो सरकला. ती त्याच्याशेजारी बसली आणि तिनं दार ओढून घेतलं.

"आई, आता तुलाही उघडता यायचं नाही."

"माहीत आहे." तिनं त्याचा ओला हात आपल्या मांडीवर घेतला. दुकानाच्या दारात अर्लीन कुणाला तरी हातवारे करून काही सांगत होती. "ती बघ तुझी मावशी. हाक मार तिला."

"येईल की ती."

"तू मार."

तो अर्लीनकडे पाहत राहिला. त्यानं ओठ ओले केले, गळा साफ केला, आणि शेवटी शेजारच्या माणसालाही जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मावशी."

इंजिन घुमत होतं. अर्लीन पाठमोरी झाली आणि परत दुकानात शिरली.

"अजून एकदा," वर्नेल म्हणाली आणि त्याचा हात घट्ट धरून वाट पाहत बसली.