जानेवारीचं पान

कॅलेंडरवाल्याने तिचा तिसरा फोटो नापसंत केला, तेव्हा ती स्टुडिओत एका तान्ह्या बाळासमोर खुळखुळा हलवत उभी होती. बाळ काही केल्या हसत नव्हतं. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि खुळखुळा चालूच ठेवला.

"फोटो चांगला आहे हो," कॅलेंडरवाला म्हणाला, "पण पान छापायचं राहून गेलंय असं वाटतं. सगळं पांढरंच."

"बर्फ आहे. पांढराच असणार."

"ते झालंच. पण जानेवारी म्हणजे वर्षाची सुरुवात. माणसाला बघून बरं वाटलं पाहिजे. बर्फ हवा, पण उदास नको. शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर कुणाचा तरी जुना टाकून मोकळा होतो."

पहिल्या फोटोत त्याला पाणी दिसत नव्हतं. दुसऱ्यात झाड वाळलेलं वाटलं होतं. ऐन थंडीत झाड काय मोहरून येणार, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. गल्लीत तिला सगळे फोटोवाली म्हणत. ओळखपत्रांचे, लग्नांचे आणि रडक्या बाळांचे फोटो काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. माणूस नसलेला फोटो तिच्याकडे पहिल्यांदाच कुणीतरी मागितला होता. ज्यात कुणाला 'हनुवटी थोडी वर' म्हणावं लागणार नव्हतं असा. म्हणून 'शुक्रवारी देते' एवढंच ती म्हणाली.

जागा तिने हेरून ठेवली होती. गावाबाहेर नदी जिथे वळते तिथे पाणी संथ होतं, काठाला गोठतं, मधे थोडं मोकळं राहतं. रात्री कडाक्याची थंडी आणि धुकं एकत्र आलं, की पहाटेपर्यंत तिथल्या गवताच्या काडीकाडीवर दंव गोठून काटे फुटलेले असत. झाडं कापसाची केल्यासारखी दिसत. ऊन वर आलं की सगळा खेळ खलास. तेवढ्या वेळात जो फोटो निघेल तो निघेल.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. नवरा बोटीवर नोकरीला, तो इतक्यात घरी येणार नव्हता. सासूबाई पायरीवरून घसरल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. वर सकाळी उठल्यावर चक्कर यायची, त्यामुळे पहाटेच्या वेळी एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसा शेजारीण येऊन बसायची. पण भल्या पहाटे कुणाचं दार वाजवणार?

"आई, उद्या पहाटे मला नदीवर जायचंय," ती म्हणाली. "तुम्हाला गाडीत बसून राहावं लागेल."

"बसेन की. मी काय कुणाला जड आहे?"

जड नव्हत्याच त्या. फक्त बोलत असत. दोन वाक्यांच्या मधे श्वास घ्यायलाही त्यांना फुरसत नसे.

पहिल्या पहाटे फोटोवालीने कॅमेऱ्याची पिशवी डिकीत ठेवली. रात्रभर ती मुद्दाम बाहेरच्या थंड पडवीत ठेवली होती. गार कॅमेरा उबेत आणला की चष्म्यावर धरतं तसं भिंगावर पाणी धरतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग ती ट्रायपॉड आणायला घरात गेली. नदीवर पोचून तिने डिकी उघडली, तर आत पिशवी नाही.

"इथे आहे, इथे," सासूबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या. "अगं, किती गारठली होती. म्हटलं मांडीवर घेऊ. शाल घातलीय वरून."

कॅमेरा त्यांनी पिशवीतून बाहेर काढून हीटरच्या तोंडाशी धरला होता, एका हाताने, सांभाळून. भिंग वाफेने घामेजलं होतं. बाहेर नेल्यावर ती वाफ काचेवरच गोठली. तिने पुसलं तर नुसतं फरफटलं. हातमोज्यातली बोटं बधिर होईस्तोवर ती पुसत राहिली. समोर धुक्यातून झाडं एकेक करून उजळत होती आणि कॅमेऱ्यातून बघावं तर जणू साबणाच्या फेसातून बघतोय. मग ऊन आलं, दंव टपटप गळलं, आणि झाडं परत नेहमीची झाडं झाली.

"मला काय माहीत?" सासूबाई म्हणाल्या. "सांगायचं तरी होतंस."

रागवायचं तरी कशावर, मायेवर? तिने दात-ओठ खात गाडी सुरू केली. परतीच्या वाटेवर सासूबाईंनी लहानपणी त्यांच्या गावात कुणाच्या म्हशीला थंडी बाधली होती त्याची गोष्ट सांगितली. फोटोवालीने एक शब्द ऐकला नाही.

दुसऱ्या पहाटे तिने पिशवी डिकीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. बॅटऱ्या थंडीत मान टाकतात म्हणून त्या स्वेटरच्या आत, अंगाशी धरल्या. आणि नशिबाने त्या दिवशी दिलं ते अगदी भरभरून. काठावरचं गवत बोटभर जाड दंवाने वाकलं होतं. मोकळ्या पाण्यात रानबदकांची रांग, इतकी स्वस्थ की मांडून ठेवल्यासारखी. गाडीचा धूर मात्र हलके हलके नदीकडे सरकत होता.

"आई, मी इंजिन बंद करते थोडा वेळ. पांघरूण घट्ट घ्या."

"घे बंद करून. मी आहे."

ती खाली उतरली. पलीकडच्या काठावर कुणाची तरी लाल होडी उपडी पडली होती. कॅलेंडरसाठी काढलेल्या पहिल्या फोटोपासून ती या होडीला चुकवत आली होती. होडी चौकटीत येऊ नये म्हणून ती पार पाण्याच्या कडेला, गोठलेल्या चिखलात जाऊन उभी राहिली. ट्रायपॉडचा एक पाय बर्फाच्या पापुद्र्यावर टेकला. धुकं वर उचलायला लागलं. त्याच्या खालून गुलाबी उजेड आला. पहिलं बदक हललं, त्याच्यामागे पाण्यावर एक बारीक रेघ उमटायला लागली. तिने श्वास रोखला, बोट बटणावर ठेवलं.

आणि गाडीचा हॉर्न वाजला. एकदा टुक करून नव्हे. लांबच लांब, थांबेचना.

बदकं एकदम उठली. ती दचकून वळली, तिचा गुडघा ट्रायपॉडला लागला आणि बर्फ मोडून त्याचा पाय पाण्यात गेला. कॅमेरा तिने हवेतच झेलला, पण कोपरापर्यंत हात भिजला. सासूबाईंना चक्कर आली असणार. ओल्या बाहीनिशी ती चढ चढत धावली, एकदा घसरली, परत उठली. थंडीने चिकटून बसलेलं गाडीचं दार उघडेना. दोनदा हिसका दिला तेव्हा कुठे ते चरचरत सुटलं.

आत सासूबाई ड्रायव्हरच्या सीटकडे झुकून, कोपर हॉर्नवर दाबून बसल्या होत्या. धडधाकट.

"काय झालं?"

"तू दिसेनास," त्या म्हणाल्या.

"दिसेनास म्हणून हॉर्न?"

"काचा सगळ्या पांढऱ्या झाल्या गं. पुसल्या तरी परत तेच. हाका मारल्या. मला वाटलं, तू त्या बर्फावर..."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे बर्फावर जायला?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आई, मला एक सकाळ द्या हो. एकच. घरात तुम्ही, स्टुडिओत तुमचे फोन, आता इथे तुम्ही. तुमच्यापायी माझं एक काम धड होत नाही."

सासूबाईंनी कोपर हॉर्नवरून काढलं. शाल ओढून घेतली. "बरं," म्हणाल्या.

घर येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. फोटोवालीला वाटलं होतं, शांतता मिळाली तर किती बरं. पण आता तीच तिला खुपत होती. ओली बाही आता लाकडासारखी कडक झाली होती. गिअर टाकताना तिला राहून राहून दाराचा तो हिसका आठवत होता. तिला, दोन धड हातांनी, बाहेरून दोनदा ओढावं लागलं होतं. आत एका हाताची म्हातारी, चारी बाजूंना पांढऱ्या काचा, इंजिन बंद. आणि इंजिन बंद कुणी केलं होतं?

"चहा टाकू?" घरी आल्यावर तिने विचारलं.

"टाक."

यापलीकडे गाडी गेली नाही. माफी मागावी असं तिला वाटत होतं, आणि त्याच वेळी डोळ्यांसमोरून ती बदकांची रेघ हलत नव्हती. दोन्ही गोष्टी एका तोंडात मावेनात. दिवसभर ती गिऱ्हाइकांवर खेकसत राहिली.

शुक्रवारी पहाटे सासूबाई अंथरुणातच बसून राहिल्या. "मी येत नाही. पडले तर पडले. निदान तुझं काम तरी होईल."

"असं नका बोलू."

"मग कसं बोलू? तूच सांग. काल बोलले नाही तरी तुझं तोंड वाकडंच."

फोटोवाली पलंगाच्या कडेवर बसली. पायातले बूट तिने आधीच चढवले होते, आणि बाहेर उजाडत चाललं होतं. "काचा पांढऱ्या होणार हे मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "मी माझ्याच नादात होते. चला तुम्ही. पण गाडीत नका बसू. माझ्याजवळ उभ्या राहा."

"तिथे? थंडीत?"

"ह्यांचा मोठा कोट घाला."

मुलाचा कोट सासूबाईंना घोट्यापर्यंत आला. प्लास्टरचा हात बाहीत जाईना, म्हणून तो आतच ठेवून वरून बटणं लावली. नदीवर पोचून बघतात तो काय, रात्रीच्या वाऱ्याने सगळं धुऊन नेलेलं. धुकं नाही, दंव नाही, बदकं तर नाहीतच; काठचा बर्फ तेवढा उरलेला. आभाळ भांडी घासून उरलेल्या पाण्यासारखं. एखाद्याने ठरवून वाटोळं करायचं म्हटलं असतं तरी इतकं साधलं नसतं.

पण शुक्रवार तर शुक्रवार. कडेचा चिखल निसरडा होता, तिथे सासूबाईंना नेणं शक्य नव्हतं. तिने वरच, सपाट जागेवर ट्रायपॉड लावला. त्यामुळे ती मेली लाल होडी कोपऱ्यात येऊन बसलीच. तिने सरकून बघितलं, वाकून बघितलं, होडी काही हटेना. पहिली बॅटरी गेली. दुसरी अर्धी होती. सासूबाई बाजूला खांबासारख्या उभ्या, ओठ घट्ट मिटून.

"बोला की काहीतरी," अखेर तीच म्हणाली.

"नको. तुझं काम चालू आहे."

"कसलं काम आणि कसलं काय."

सासूबाईंनी जरा वेळ तग धरला. मग म्हणाल्या, "नाक वाहतंय तुझं."

तिने नाक पुसलं. आले तसे चार-दोन फोटो काढले आणि त्यातला त्यात बरा होता तो कॅलेंडरवाल्याला पाठवून दिला, पायातला काटा काढून फेकावा तसा.

दुपारी त्याचा फोन आला. "आता कसं झालं! हेच मी सांगत होतो. ती होडी आहे ना, तिच्यामुळे बरं वाटतं बघून. म्हणजे कुणीतरी येणार आहे, असं. ती जरा मोठी करता येईल का?"

"नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "बघते."

तिने फोन ठेवला. जिला चुकवण्यात इतके दिवस घालवले, त्या होडीच्याच जोरावर जानेवारीचं पान पास झालं होतं. हसावं की कॅमेरा आपटावा, तिला कळेना. मग तिने होडी मोठी केली.

शनिवारी सकाळी कॉलेजची पोरं ओळखपत्राचे फोटो काढायला येणार होती. शेजारीण लवकर आली, म्हणून तीही लवकर निघाली. तिने बाहेर पाऊल टाकलं. उभ्या गावावर दंव उतरलं होतं. विजेच्या तारा जाड दोरखंडांसारख्या दिसत होत्या. वारा नावाला नाही. धुकं नदीच्या बाजूला पांढऱ्या भिंतीसारखं उभं. असली सकाळ तिने आयुष्यात बघितली नव्हती. आणि स्टुडिओच्या दारात पोरांची रांग लागलेली, एकेक जण हातांवर फुंकर मारतोय.

"चला," ती म्हणाली. "एकेक जण आत या."

पडद्यासमोर चेहऱ्यामागून चेहरे येत राहिले. खिडकीबाहेर उजेड गुलाबी झाला, मग सोनेरी. तिने तिकडे पाठ केली. फोन वाजला.

"अगं, बाहेर बघितलंस का?" सासूबाई.

"बघितलं."

"मग जा की."

"रांग आहे, आई."

"थांबव त्यांना थोडा वेळ."

"नाही थांबवता येत. त्यांना कॉलेज आहे." आवाज चढायला लागला तसा तिने तो खाली ओढला. समोरचा पोरगा हनुवटी वर करून ताटकळला होता. "तुम्ही बघा. तुम्ही बघून मला सांगा."

रांग संपली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि छपरांवरून पाणी गळत होतं. ती दुपारी जेवायला घरी गेली ती चिडूनच. बूट एकीकडे, पिशवी दुसरीकडे. सासूबाई स्वयंपाकघरात तिची वाट बघत बसल्या होत्या.

"मी गेले होते मागच्या अंगणात," त्यांनी लगेच सुरुवात केली. "शेजारीण होती हाताला. कपड्यांची दोरी आहे ना आपली, तिच्यावर हे एवढं दंव. बोटाएवढं. काटे काटे, आणि प्रत्येक काट्याला परत बारके काटे. मला वाटलं, तुझ्यासाठी नीट जवळून बघावं."

"मग?"

सासूबाई जरा घुटमळल्या. "मग मी हात लावला. नुसतं एक बोट गं. तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं एकदम खाली पडलं."

फोटोवालीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, की आता ओरडा बसणार. तिला आतून काहीतरी उकळून आलं. ते रडू असणार असं तिला वाटलं, पण बाहेर आलं ते हसू. ती खुर्चीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. सासूबाई आधी बावरल्या, मग त्याही हसायला लागल्या, कशाला हसतोय ते नीटसं न कळताच.

"वाढ आता," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "मला एका हाताने होत नाही."