वरून पाहिलेलं विमान

डोंगरसिंग धापा टाकत दवाखान्याच्या पायरीवर टेकला. घरी तो पावरी बोलत असे. इथे मात्र त्याने बाजारातली अहिराणी वापरली.

"नर्सबाई, इमान पडनं! धुक्यात टेकडीले घासायनं. दोन जण जित्ते शेतस. झोळी लई चाला."

१९४७ चा हिवाळा होता. डॉक्टर नंदुरबारला गेल्यामुळे धडगावचा दवाखाना मार्था आणि कंपाउंडर इसहाक यांच्यावरच होता. इसहाक पेटी भरू लागला. मार्था जागची हलली नाही. तिचा नवरा दावीद मुंबई-दिल्ली विमानावर वायरलेस सांभाळत असे. त्या मार्गावर दोन कंपन्यांची विमाने जात. दावीदच्या कंपनीची विलायती बांधणीची, दुसरीची अमेरिकन. दोन्हींना दोनच इंजिने. दावीदने तिला खूण शिकवली होती : विलायतीचे पोट पंखांच्या खाली लोंबते, अमेरिकनचे पंखांवर बसलेले असते.

"पोट कसं होतं त्याचं?" तिने विचारले. "लोंबणारं?"

"हां, लोंबनारं."

"की पंखांवर बसलेलं?"

डोंगरसिंगने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. "हां, तसंच."

"अरे, नीट सांग ना!"

"पोट कसं दिसी, बाई? मी डोंगरनी धारवर व्हतू, इमान खाले दरीमा. पाठच दिसनी."

पाठीवरून दावीदची खूण पटणार नव्हती, हे मार्थाला कळले. आजवर प्रत्येक विमान तिने खालूनच पाहिले होते.

"नर्सबाई, वकिली कधीपासून सुरू केली?" जखमींना वाहून आणायच्या झोळीचा बांबू खांद्यावर घेत इसहाक ओरडला. "साक्ष वाटेत घ्या की!"

"थांब, इसहाक. हे कळल्याशिवाय माझ्या हातून पट्टीसुद्धा बांधली जाणार नाही."

हा माणूस आपल्याला बरे वाटेल तेच बोलतो आहे, हे तिच्या ध्यानात आले. सूज शेकायच्या पोटिसासाठी भिजवलेल्या जवसाच्या पिठाचा गोळा तिने त्याच्या हाती दिला. "जसं पाहिलंस तसं कर." आणि आपले तोंड त्याला दिसू नये म्हणून ती भिंतीकडे वळली. बाहेर इसहाक अंगणात येरझारा घालत होता. तिला स्वतःची लाज वाटत होती, तरी मान वळत नव्हती.

"व्हयनं, बाई."

ओबडधोबड विमान पायरीवर ठेवलेले होते. पंखांची पुढची कड तिरपी, मागे झुकलेली. मागची कड मात्र विळ्याने कापल्यासारखी सरळ. विलायती विमानाचे पंख पुढून आणि मागून दोन्हीकडून निमुळते होत जातात. आभाळात ते तिने इतक्यांदा पाहिले होते की आता आठवावेही लागले नाही.

"अमेरिकन," ती म्हणाली आणि मोठ्याने हसली.

डोंगरसिंगही हसला. "तुन्हा नही ना?"

"नाही रे. माझा नाही."

पेटी उचलून इसहाक वाटेला लागला.

चढ सुरू झाला तशी मार्थाची पावले मोकळी पडू लागली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "डोंगरसिंगभाऊ, त्या दोघांना कुठं लागलंय?"

"एकना पाय मोडेल शे. दुसरी बाई शे. तिले काय लागनं ते समजत नही. ती नुसती घरवालाले हाका मारी ऱ्हायनी."

मार्थाने इसहाकच्या हातातून पेटी घेतली आणि दोघा पुरुषांच्या पुढे जाऊन ती चढू लागली.