दारातला भाकरतुकडा

थंडीचे दिवस आले की जोगेश्वरीच्या त्या चाळीत उन्हाला उशीर व्हायचा. आधी समोरच्या कौलांवर बसायचं, मग आळस देत खाली उतरायचं. वनमालाबाईच्या उंबऱ्याशी ते पोचेपर्यंत तिची सून अनुपमा तान्ह्या राधाला घेऊन केव्हाच बाहेर पडलेली असायची. अनुपमा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला. बाळंतपणाची रजा चालू होती.

"आई, कोवळं ऊन बाळाला चांगलं असतं," ती म्हणायची. "आपल्या खोलीत ते येतंच कुठे?"

"जा बाये, जा. आमची पोरं कुणी अशी फिरवली नाहीत, सगळी फेंगड्या पायांचीच निघाली नाही का!"

तोंडाने असं. पण त्यांच्या परतायच्या वेळेला वनमाला दारात हजर. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. बाहेरून आलेलं तान्हं मूल तसंच घरात घ्यायचं नाही; मागे काय काय लागून आलेलं असतं, ते उंबऱ्याबाहेरच उतरवायचं. भाकरी ओवाळायची, कावळ्याला टाकायची, पायांवर पाणी घालायचं, मग आत. आणि ओवाळणारी बाई घरात थांबलेलीच पाहिजे. म्हणून वनमाला त्यांच्याबरोबर कधी गेली नाही. तिला कोणी बोलावलंही नव्हतं म्हणा. ते वेगळं.

पोर हातात आली की ती आधी तिच्या मानेत नाक खुपसायची. जवळच्या लेण्यांतून आली त्या दिवशी राधाला ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा वास होता. माहुलला अनुपमाची मैत्रीण राहायची. तिथून आली तेव्हा सुकटीचा, आणि त्याच्या मागून तेलाच्या कारखान्यांचा. डोळे मिटले की वनमाला तिथे जाऊन पोचायची. लेण्याच्या खांबांमधून उन्हाचे पट्टे तिरपे उतरतायत, राधा ते धरायला मूठ उघडतेय. खाडीच्या चिखलावर होड्या कुशीवर झोपल्यायत, आणि एक बगळा पाय आखडून त्यांच्यावर राखण करतोय. घरबसल्या तिची सहल व्हायची. बस नको, चप्पल नको.

आणि मग एका दुपारी पोरीच्या मानेला केवड्याच्या तेलाचा वास आला.

ते तेल तिच्या ओळखीत एकच बाई लावायची. मुलुंडची विहीण, सुगंधा. वनमालाच्या हातातली पोर एकदम जड झाली. तिने भाकरी ओवाळली, टाकली, पाणी घातलं आणि आत वळली. ती अशी रुसली की घरातली भांडीसुद्धा जपून वाजायची.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारची द्रौपदी भेटली. कळशीखाली चुंबळ ठेवत म्हणाली, "माझी बहीण तुझ्या विहिणीच्याच चाळीत राहते ना. सुगंधाबाईने पाळणा टांगलाय म्हणे. नवाकोरा, घुंगरं लावून."

"टांगू दे की. हौस असते एकेकीला."

"सून ड्युटीवर गेली की पोर तिकडेच राहणार, शनिवार-रविवार तेवढं इकडे, असं म्हणत होती. विचार ना सुनेला तोंड उघडून."

"मी विचारू? माझ्या नातीसाठी मी हात पसरू?"

"मग बस दारात भाकरी घेऊन!"

संक्रांत झाली की रजा संपत होती. वनमालाने विचारलं नाही. मुलगा सहदेव छापखान्यातून यायचा, जेवायचा, आणि या दोघींच्या मध्ये पडलं तर आपलंच कपाळ फुटेल हे ओळखून पेपरात तोंड घालायचा. वनमाला रात्री पोरीला मांडीवर घेऊन बसे तेव्हा मनात एकच: ही गेली तर या घरात मी कुणासाठी उठू?

संक्रांतीनंतर अनुपमा म्हणाली, "आई, उद्या बोरिवलीला नॅशनल पार्कात जाऊ. तुम्हीपण चला."

"मी? आणि दारात कोण?"

"द्रौपदीकाकूंना सांगू."

द्रौपदी दारातच उभी होती. "दीक्षा घेतल्यापासून आम्ही ते सगळं सोडलंय वनमाला, तुला ठाऊक आहे. किल्ली ठेवते, तिन्हीसांजेला दिवा लावते. ओवाळणं तेवढं तुमचं तुम्ही बघा."

"मग राहिलं."

"जा गं! एखादं भूत आलंच मागे, तर चहा पाजू त्याला."

पार्कात शिरल्यावर शहर कुणीतरी मागे दार लावून घ्यावं तसं बंद झालं. धुकं अजून गवतात बसलं होतं. सागाची मोठाली पानं वाळून पापडासारखी झालेली, पाय पडला की कुरकुर बोलायची. नदीचं पाणी इतकं हळू चाललं होतं की ते जातंय की येतंय कळेना. राधा मात्र रडायला लागली. अनुपमाने पाजलं, थोपटलं, खांद्यावर टाकलं, पोर ऐकेना. अनुपमाचे डोळे लाल झालेले. किती रात्री झोपली नव्हती, देव जाणे.

वनमालाने पिशवीतून आपलं जुनं लुगडं काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. खालच्या फांदीला गाठ मारली, ओढून बघितली, झोळी केली आणि पोरीला आत ठेवलं. दोन झोके, तीन झोके. रडणं हुंदक्यावर आलं, हुंदका सुस्काऱ्यावर, आणि मग नुसता वारा राहिला.

वळून बघते तर अनुपमाही गवतावर आडवी. गाढ.

वनमाला झोका देत राहिली. ऊन पानांतून ठिपक्याठिपक्यांनी गळत होतं. बघता बघता साग गावच्या काजूचा झाला, गवत भाताचं झालं. बांधावर झोळीत सहदेव झोपलाय, ती विळा चालवतेय, आणि मध्येच येऊन ओल्या हाताने झोका देऊन जातेय. मग सहदेव की राधा, तेही तिला कळेना. हात तेवढा जुना झालेला, झोका तोच.

"राधा! राधा कुठाय?" अनुपमा दचकून उठली.

"झोपलीय. ओरडू नको."

"कधीपासून?"

"तू घोरायला लागलीस त्याच्या आधीपासून."

अनुपमा हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "मुलुंडच्या पाळण्यात ही टिकतच नाही हो, आई. पुन्हापुन्हा नेऊन बघितली. रडून रडून निळी होते."

"माका न सांगता नेलंस!" वनमालाच्या तोंडून गावची मालवणी निसटली.

"तुम्हाला कळलं होतं. केवड्याचा वास आला तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी."

"मगे माका इचारूक काय झाला होता?"

"भीती वाटली. तुम्ही एकदा तरी म्हणालात, ठेव माझ्याकडे? रोज वाट बघायचे मी. तुम्ही ओवाळता, पाणी घालता आणि आत वळता. मला वाटायचं, यांना माझं बाहेर फिरणं पटत नाही, नोकरी तर त्याहून नाही."

वनमालाने झोळी सोडली, झोपलेली पोर लुगड्यासकट छातीशी धरली आणि म्हणाली, "ऊन कलतंय. चल."

चाळीत पोचल्या तेव्हा तिन्हीसांज झालेली. द्रौपदीने दिवा लावला होता. अनुपमा पुढे होऊन आत गेली. वनमाला उंबऱ्याशी अडली.

"या ना."

"कशी येऊ? पोर हातात आहे. आणि ओवाळणारी घरात थांबलेली पाहिजे."

अनुपमाने एकदा बाहेर, एकदा आत बघितलं. मग चुलीपाशी पाट घेतला आणि मांडी घालून बसली. क्षणभर बसली, उठली. "थांबले मी घरात. आता चालेल?"

पलीकडून द्रौपदी फिसकन हसली.

अनुपमाने टोपल्यातली सकाळची भाकरी मोडली आणि ओवाळली. पोरीवरून, आणि पोर धरलेल्या म्हातारीवरूनही. पोरीचे पाय लुगड्यात गुरफटलेले. म्हणून तांब्यातलं पाणी वनमालाच्याच पायांवर पडलं. गार. लग्न होऊन आली त्यानंतर तिच्या पायांवर कुणी पाणी घातलं नव्हतं.

"सोमवारपासून मी दमून येईन," अनुपमा खाली मान घालून म्हणाली. "तेव्हा माझ्यावरून कोण ओवाळणार?"

"तू काय तान्हं आहेस?"

"नाही. पण दारात तुम्ही दोघी हव्यात."

वनमालाने पोरीच्या मानेत नाक खुपसलं. वाळक्या पानांचा वास होता, आणि तिच्या स्वतःच्या लुगड्याचा.

"पोर माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "मागत नाही हां मी. सांगतेय."

आणि उजवा पाय आत टाकला.