देठावरचा सांधा

काचघरात माझं काम एवढंच: रानबटाट्याची झाडं मोजायची. पानाला पर्णिका किती, खोडावर लव कशी, आणि फुलाच्या देठावरचा बारीक सांधा कुठे. आमच्याकडच्या दोन जाती म्हणजे जुळ्या बहिणीच. पानं अगदी एकसारखी. सांधा देठाच्या मधोमध असेल तर कंद खाण्याजोगा. फुलाला खेटून असेल तर विषारी. म्हणून नियम असा की फूल पाहिल्याशिवाय सही करायची नाही. माझी सही झाली की टोपली खाली जाते, माझ्या ताईकडे. कंद उकडून चाखणं हे तिचं काम.

चौथ्या रांगेला कळीच धरेना. त्या आठवड्यात माझ्या लेकीला, चिमणीला ताप होता, त्यात यादीसाठी वरच्या मॅडमचा तगादा. मी पानं मोजली आणि सांध्याच्या रकान्यात तिसऱ्या रांगेचंच 'मधोमध' उतरवून सही करून टाकली. पानं तर तीच आहेत, म्हटलं मनाशी.

आज सकाळी, चौथ्या रांगेच्या काढणीतून मागे ठेवलेल्या एकुलत्या एका कुंडीत फूल उमललं होतं. जांभळं, गोजिरवाणं. मी देठावरून बोट फिरवलं. मधोमध काहीच लागलं नाही. बोट वर सरकत गेलं आणि फुलाच्या पार मानेशी अडलं.

जिना कसा उतरले, आठवत नाही.

ताई चिमणीला मांडीवर खेळवत बसली होती. कामाच्या वेळात मी लेकीला तिच्याकडेच सोडते. समोर रिकामी ताटली.

"कुठली रांग?"

"चौथी. धापा काय टाकतेस? वाघ लागलाय का मागे?"

"चिमणीला दिलंस?"

"बोटभर लावलं जिभेला. महाराणींनी लगेच थुंकून टाकलं. आईसारखीच नाटकी!"

मी लेकीला ओढून घेतलं, तिचं तोंड उघडून बाहीनंच जीभ पुसली, पुन्हा पुसली. ती रडायला लागली.

"आणि तू?"

"मला मेल्या सर्दीत कसली चव! चांगले तीन खाल्ले, आल्या आल्या." ताई माझ्याकडे बघत राहिली. "का गं? तुझी सही होती की."

मी फोन उचलला, दवाखान्याचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत होती.

ताईनं कपाळावरचा घाम टिपला.

"आज फार उकडतंय, नाही?"

खिडकी सताड उघडी होती. चिमणी गारठून माझ्या गळ्याशी बिलगली होती.