साठ मिनिटांचं तिकीट

यंत्रातून निघालेलं तिकीट अजून कोमट होतं. चिमटीत धरून तिने ते वाचलं — वर चार-दहा, आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘५.१० पर्यंत वैध’. गेल्या महिन्यापर्यंत त्या बारीक ओळीत ५.४० असायचं. एका तिकिटावर नव्वद मिनिटं, हव्या तितक्या बस बदला, मुदत संपायच्या आत पुढच्या बसमध्ये पाय पडला की झालं. आता साठ. आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे हातभर मोठ्या अक्षरांत पाटी — ‘भाडेवाढ नाही!’ पाटीवर एक कुटुंब हसत होतं, सगळ्यांचे दात दिसतील असं.

कपडे ऑल्टर करायच्या दुकानात ती दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करते. उद्या एखाद्याची पँट गुडघ्यापर्यंत कापून त्याच्या हातात ठेवली आणि म्हटलं, साहेब, शिलाई तेवढीच हं, एक पैसा वाढवला नाही — तर तो दुकान डोक्यावर घेईल. घ्यायलाच हवं. इथे मात्र अख्खी बस गप्प... आणि मी? मीही गप्पच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

“पास काढा ना बाई, स्वस्त पडतो,” तिकीट खिडकीवरचा कारकून म्हणाला होता, जणू ही युक्ती जगात त्याला एकट्यालाच सुचली होती. स्वस्त पडतो, पण एकरकमी. तिला पैसे मिळतात नगावर, रोजचे रोज. महिनाभराचे एका मुठीत आलेले तिने कधी पाहिले नाहीत. ज्याच्या खिशात आधीच आहे त्याला स्वस्त, ज्याच्या नाही त्याने रोज महाग घ्यायचं — आणि वर हसत्या दातांची पाटीही वाचायची. कामावरून घरी जाताना वाटेत आईकडे उतरायचं, आणि तिथून निघताना दुसरं तिकीट काढायचं तर तीन पँटींची शिलाई गेली. आठवड्यातून तीनदा. हिशेब तिने कितीदा तरी केला होता. दरवेळी तो तसाच येत होता.

बस सिग्नलला अडकली. चार-एकोणतीस. तिसऱ्या मजल्यावर आई आता चहाचं आधण ठेवत असेल. दादा-वहिनी कामावरून येईपर्यंत एकटीच असते... पूर्वी आईच्या वाट्याला पन्नास मिनिटं यायची, ती जेमतेम पुरायची. कारण आईचं बोलणं असं की सुरुवात शेजारणीच्या नळापासून, मग चहाची गाळणी, मग जिन्यातला दिवा — आणि खरं काय ते उंबरठ्यावर, लेकीने एक चप्पल पायात घातल्यावर. बाबांचं दुखणं बरं होणारं नाही, हे आईने उंबरठ्यावर सांगितलं होतं. लेकीच्या शिलाईच्या मशीनसाठी बांगड्या मोडल्या, तेही उंबरठ्यावर, चार वर्षांनी. चप्पल घातल्याशिवाय आईचं तोंड उघडत नाही, असं दादा चेष्टेने म्हणतो. महिनाभरात मात्र उंबरठ्यावर थांबायला झालंच नव्हतं. परवा ती धडाधड जिना उतरत होती तेव्हा वरून हाक आली — “अगं, एक सांगायचं होतं...” आणि ती खालूनच ओरडली होती, “परवा!” दोन रात्री ती हाक तिच्या डोक्यात होती. आज तो परवा होता.

ती दारात पोचली तेव्हा चार-अठ्ठेचाळीस झाले होते.

“आलीस? बस. त्या शेजारणीचा नळ पुन्हा गळायला लागलाय बघ...”

आई ओट्यापाशी उभी राहून बोलत होती. नळ झाला, गाळणी झाली. तिकीट बशीशेजारी ठेवून तिने चहा फुंकून फुंकून घेतला, जीभ भाजली, आणि भाजल्या जिभेवर नुसती चीड जमत गेली — त्या पाटीची, कारकुनाची, आणि खोटं कशाला बोला, आईचीसुद्धा. एकदा सरळ बोल ना! नळ राहू दे, आधी ते सांग. पण तसं विचारलं की आई म्हणणार, “कुठे काय?” हे तिला पाठ होतं.

पाच-चार. ती तिकीट उचलून उठली, एक चप्पल पायात घातली. आई पाठोपाठ आली, चौकटीला हात लावून उभी राहिली.

“परवा म्हणत होते ना...” आईने सुरुवात केली. मग तिची नजर लेकीच्या मनगटावरच्या घड्याळावर गेली, आणि ती भरभर म्हणाली, “जाऊ दे. पुढच्या वेळी. पाच-दहाचं आहे ना तुझं? पळ.”

पाच-दहा. आईला हे कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे ही बाई महिनाभर लेकीचं तिकीट वाचत होती, आणि तेवढ्यात मावेल तेवढंच बोलत होती — गाळणी मावते, नळ मावतो. बाकीचं कापून टाकायचं. कात्री कुणाची, आणि कुणाच्या हातात... तिने पायातली चप्पल काढली.

“काय झालं?”

“काही नाही. जाऊ दे बस.”

“अगं पण तिकीट? उगाच परत पैसे...”

“जाऊ दे म्हटलं ना!” आवाज नको तेवढा चढला.

ती आत येऊन बसली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाच-दहावर आला, पुढे गेला. काही घडलं नाही. तीन पँटी गेल्या. आईने उगाच ओटा पुसला, कप विसळले, पुन्हा ओटा पुसला. घाई न करता बसलेल्या लेकीशी कसं बोलायचं, हे तिलाही बहुतेक आठवत नव्हतं.

“किती वाजले गं?” बऱ्याच वेळाने आईने विचारलं.

घड्याळ समोर होतं. पाच-बावीस.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

आईने पदराला हात पुसले. “मग बसते जरा,” म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. महिनाभर आई तिच्यासमोर एकदाही बसली नव्हती, हे आत्ता तिच्या लक्षात आलं. गुडघे धरून आई खिडकीकडे बघत राहिली. पोटातला राग होता तिथेच होता, तसूभरही कमी झाला नव्हता; फक्त त्याला आता कुठली बस पकडायची नव्हती. तिकीट अजून तिच्या मुठीत होतं. तिने ते दुमडलं नाही, फेकलंही नाही. ती आईकडे बघत वाट पाहत राहिली.