डोळ्यावरचं कुंकू

मी बिडकीनपल्याडच्या दवाखान्यातला कॅमेरा बोलतोय. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक सुरेखा सिस्टर आणि एक टीव्हीसारखा पडदा. पेशंट इथं झोपतो, शिवराज डॉक्टर शहरात बसतात आणि मधे मी. इकडचं बघून तिकडं सांगायचं. चहाडखोरच म्हणा की!

पाऊस रुसलेलं ते वर्ष. बाहेर टँकरभोवती घागरी भांडायच्या, लांब नव्या कारखान्यांचे सांगाडे वाढायचे. मला मात्र तारेतून शहराची स्वप्नं पडायची. क्रांती चौकातले दिवे माझ्यात तरंगत यायचे आणि वाटायचं, आपण तिथंही आहोत, इथंही आहोत, धड कुठंच नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. झाडलोट करणाऱ्या भागूबाईनं वजनकाट्याला हळदकुंकू लावलं, सुयांच्या डब्याला लावलं आणि मायेनं माझ्या डोळ्यावरही बोट फिरवलं. सगळं जग तांबूस झालं. भिंत, खाट, खाटेवरची माशीसुद्धा नवरीसारखी! मी आपला खुशीत.

दुपारी तिच्याच नवऱ्याला आणलं. मेंढरं राखणारा सूर्यभान. दमा उसळलेला. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र नेमकं बंद पडलेलं.

डॉक्टर पडद्यावरून म्हणाले, "ओठ तर छान गुलाबी आहेत. वाफ द्या, बघू."

"गुलाबी?" भागूबाई कडाडली. "आवं डाक्टर, तुमच्याकडं निळ्याला गुलाबी म्हणत्यात व्हय? जांभळावानी पडल्यात!"

सुरेखानं वळून माझ्याकडं पाहिलं. "अगं बाई, काचेवर कुंकू! थांबा मावशी, पुसते."

भागूबाईनं तिचा हात धरला. "नगं! धनी असा पडलाय अन् सणाचं कुंकू पुसतीस?"

सूर्यभानच्या छातीतली शिट्टी तेवढी वाजत होती. मग तीही बारीक होत गेली. भागूबाईनं डोळे मिटले, पदराला थुंकी लावली, पाणी होतंच कुठं, आणि स्वतःच माझा डोळा खसाखसा पुसला.

माझं तांबडं स्वप्न गेलं. निळे ओठ दिसले. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "सिस्टर, ऑक्सिजन! आणि सांगतो ते इंजेक्शन आत्ता द्या. गाडी पाठवतोय."

सूर्यभान वाचला. आता महिन्याला येतो आणि डॉक्टरांनी म्हणायच्या आधीच मला जीभ दाखवतो, लबाड!

माझी नजर अधू झालीय. नवा कॅमेरा येणार म्हणतात. येऊ दे बापडा. डॉक्टरसाहेब, जाता जाता एवढंच सांगतो, आम्हा कॅमेऱ्यांचं सगळं खरं धरू नका. खाटेशी बसलेली बाई काय ओरडतेय, ते आधी ऐका. शिव्या घालील. खाऊन घ्या.