परीक्षेचे सहा पडदे

पडद्यांच्या दुकानाची ती चष्मेवाली मालकीण माणसाला माणूस समजत नव्हती. दारात उभ्या राहिलेल्या पोरीला बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. चार तास राबवून घेतलं आणि वर, "हात बसलेला नाही गं तुझा, कळवू," एवढं फेकून पाठ फिरवली. नातीच्या तोंडून हे ऐकताना आजीच्या हातातली सुरी भाजीवर तशीच थांबली.

"मुलाखतीत विचारलं काय तिने?"

"कॉलेज किती वाजता सुटतं आणि मशीन येतं का. मग म्हणाली, परीक्षा दे. सहा पडदे टाकले पुढ्यात."

"सहा? अगं, शितावरून भाताची परीक्षा होते! ही बया पातेलंभर भात चापून म्हणते, शिजला नाही?"

नात हसली नाही. तीन महिने ती कॉलेजनंतरचं काम शोधत होती. पुस्तकांच्या दुकानात जागा भरली होती, दवाखान्यात रात्रपाळी करणारं माणूस हवं होतं. पडद्यांच्या दुकानाची पाटी कॉलेजच्या फळ्यावर दिसली तेव्हा ती घरी नाचत आली होती. शनिवारी एका शिवणकामाच्या कारखान्यात बोलावणं होतं, तर आता तिथेही जात नाही म्हणाली.

"खरंच हात नसेल माझा, आजी."

हे मात्र आजीला झोंबलं. चाळीस वर्षं पायाने मशीन हाणून तिने तीन पोरं वाढवली होती, आणि या पोरीचा हात तिनेच धरून बसवला होता. त्या हाताला नाव ठेवलं म्हणजे आजीच्याच तोंडावर थुंकल्यासारखं झालं.

"आणखी कोण गेलं होतं तिच्याकडे?"

"वर्गातल्या दोघी. त्यांनाही परीक्षाच. दर महिन्याला पाटी लागते, पण कामावर कुणालाच घेत नाही."

आजीने सुरी खाली ठेवली. "बरं. टीप कोणती मारलीस?"

"कच्ची. तूच शिकवलंस ना?"

त्या घरचा नियमच होता तसा. परक्याच्या कापडावर परीक्षा द्यायची तर टीप कच्ची मारायची. पसंत पडलं नाही तर कापड जसंच्या तसं परत करता आलं पाहिजे. टाका लांब, वरच्या दोऱ्याचा ताण सैल, शेवटाला गाठ नाही. खालचा दोरा धरून ओढला की अख्खी शिवण सुटते.

"तिला सांगितलंस?"

"सांगायला गेले, तर म्हणाली, जास्त शहाणपणा नको."

तेव्हा कुठे आजी हसली. ते हसू बघून नात जरा घाबरलीच.

दुसऱ्या दिवशी आजीने ठेवणीतले कपडे घातले आणि नातीला पुढे घालून दुकान गाठलं. नात दाराशीच थांबली. तिने शिवलेले सहाच्या सहा पडदे काचेमागे झुलत होते. नवं घर मांडणारं एक जोडपं त्यांचं कापड चाचपत होतं आणि चष्मेवाली सांगत होती, "आमच्या जुन्या कारागिराचं काम आहे. वीस वर्षं टाका हलायचा नाही."

आजीला बघून तिचा गळा आणखी गोड झाला. "या मावशी, काय दाखवू?"

"तुझी मावशी व्हायला मी काय पाप केलंय? हा जुना कारागीर दाखव."

उत्तराची वाट न बघता आजीने पडद्याची कड उलटली, नखाने दोरा धरला आणि ओढला. सुर्रकन दोरा हातात आला, दुमड गळून पडली. मग दुसरा पडदा. नवरा फिसकन हसला, बायकोने कापड सोडून दिलं.

"अहो, काय करताय! माल खराब कराल!"

"खराब? कापडाला भोक पडलंय का बघ. चष्मा कशाला लावलायस?"

दोन पडद्यांत काम झालं होतं. तिसरा ओढायची काही गरज नव्हती. आजीने तो सावकाश, चवीने ओढला.

जोडपं निघून गेलं. तेवढ्यात चष्मेवालीला दाराशी उभी असलेली नात दिसली. क्षणभर तिचा चेहरा पांढरा पडला, पण बाई पट्टीची होती.

"अगं, तू होय! आत ये ना. तुलाच निरोप पाठवणार होते. उद्यापासून ये, कॉलेज सुटलं की तीन तास. काय?"

हवं असलेलं काम समोर होतं, आणि ते पोरीचं पोरीने ठरवायचं होतं. नात पुढे आली. तिने खाली पडलेला दोरा उचलला, बोटाला गुंडाळला.

"नको," ती म्हणाली. "शनिवारी मला दुसरीकडे मुलाखतीला जायचंय."

चष्मेवालीने आजीकडे पाहिलं. "मावशी, समजवा की तिला. पोरकटपणा करतेय."

आजी काउंटरपाशी गेली. रस्त्यावरच्यालाही ऐकू जाईल असा आवाज लावून म्हणाली, "हे बघ बाई. तू फुकट राबवून घेतलंस, ते तुझ्या रक्तातच असेल. पण पडद्याचं दुकान थाटून बसलीस आणि कच्ची टीप तुला ओळखता येत नाही. असल्या अडाण्याच्या हाताखाली आमच्या घरातलं कुणी काम करत नाही."